बंद करण्याआधीचा आवाज

३ नोव्हेंबर
मोटारीचा सायलेन्सर आज गंजून खाली आला. केशवापूरच्या आमच्या वळणावर रस्त्याला घासत, ठणठणत सुमाने गाडी घरापर्यंत आणली. शेजारच्या शांताक्का बाहेर येऊन बघत उभ्या. म्हणाल्या, "ट्रॅक्टर घेतलास काय ग सुमा?"

सुमा हसली नाही. जेवताना म्हणाली, "आई, विकूया ग गाडी आता." कारण बोलली नाही. मला माहीत आहे.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. इथल्या लॅमिंग्टन रोडचं आमचं भांड्यांचं दुकान दीर बघतात. गाडी सुमाकडे, धारवाडला कॉलेजात शिकवायला जाते. पूर्वी दुकान बंद करून हे निघायचे, वळणावर गाडीचा आवाज आला की मी भाकरी थापायला घ्यायची. हे पाय धुऊन बसेपर्यंत ती फुगलेली. गार भाकरी ह्यांना चालत नसे. इतकी वर्षं आवाज ऐकला की हात चालायचा. कान आणि हात, मध्ये मी नाहीच.

गेल्या आठवड्यात सुमा आत आली तर ह्यांचं ताट मांडलेलं, वर भाकरी वाढलेली. मीच मांडलं असणार. आठवत नाही.

४ नोव्हेंबर
सुमाची अट: नवा सायलेन्सर घालू, पण आवाज जुन्यासारखा नको. पुन्हा ताट मांडलं गेलं तर गाडी विकायची. मी हो म्हटलं.
ह्यांचे शर्ट वाटून टाकले. चष्मासुद्धा दिला. गाडी तेवढी राहिली आहे.

६ नोव्हेंबर
रायापूरला बसण्णाच्या गॅरेजात गेलो. ह्यांच्या वेळेपासूनचा माणूस. गाडी जुनी, कंपनीचा माल आता येत नाही. बाहेरचे तीन सायलेन्सर त्याने काढून ठेवले होते. सुमाने फोनवर सगळ्यांचे आवाज ऐकून ठेवलेले, त्याला ऐकवायला लागली.
"मॅडम, तुमच्या फोनचा स्पीकर माझ्या नखाएवढा. त्यात काय कळतंय?" बसण्णा.
गॅरेजच्या पत्र्याखाली गाडीला जोडून बघितले तर तिन्ही वाघ. मग पुन्हा एकेक जोडून गाडी बाहेर माळावर नेली. मला गाडीकडे पाठ करून उभं केलं. सुमा म्हणाली, "पीठ आठवलं की सांग." चेष्टा होती, पण खरीही होती.
पहिला: बोटं हलली. नको.
दुसरा: कॉलेजची पोरं लावतात तसला. पोलीस धरतील.
तिसरा: दाराआड कुणी खाकरावं तसा, दबका. हात गप्प.
"हाच," म्हटलं.

बसण्णा म्हणाला, "अक्का, केळ्री. ऐकून ठेवा. आत काचेचा कापूस असतो, नवा आहे तोवर आवाज खातो. गाडी चालेल तसा कापूस जळतो, मग आवाज उघडतो."
"किती उघडेल?"
"ते कसं सांगू? अर्धा आवाज पाइपचा, अर्धा पायाचा. मालकांचा पायच वेगळा. गाडी बंद करायच्या आधी एकदा ॲक्सिलरेटर दाबून रेस करायचे, मग किल्ली. जुन्या गाड्यांची सवय. ह्या गाडीला त्याची गरज नाही म्हणून सांगितलं, ऐकले नाहीत."

ती रेस ऐकली की मी भाकरी उलटायची.

१५ नोव्हेंबर
शांत आहे. फाटक वाजेपर्यंत सुमा आलेली कळत नाही. भाकरी आधीच करून ठेवते. गार खाते बिचारी, "चांगली आहे" म्हणते.
वाचनालयातून पुस्तक आणलं. माझी शाळा कानडी, मराठी वाचायला मी दुकानात शिकले, भांडी गुंडाळून यायची त्या रद्दीवर. तेव्हा अर्धवट बातमी मिळाली तरी पुढचं काय असेल म्हणून जीव लागायचा. आता अख्खं पुस्तक हातात आहे आणि चार दिवस तेच पान.
संध्याकाळ येते ती जातच नाही. मीच मागितलं होतं हे.

२ डिसेंबर
आवाज थोडा भरलाय. शांताक्कांना विचारलं. "टीव्हीपुढे मला काय ऐकू येतंय," म्हणाल्या. सुमा म्हणते, आहे तसाच आहे. पण ती आत बसलेली असते. आतला आवाज वेगळा, बाहेरचा वेगळा, हे बसण्णानेच सांगितलेलं.
सुमा यायची वेळ झाली की हात मांडीखाली घेऊन बसते.

१४ डिसेंबर
आज तोच आवाज. वळणावर गिअर उतरला, चिंचेपाशी जरा ढिला पडला, तो तसाच. हात मांडीखाली होते, दाबून धरले.
फाटकाशी गाडी थांबली. आणि बंद व्हायच्या आधी एक रेस. मग किल्ली.
बाहेर गेले. सुमा पिशव्या काढत होती.
"बंद करायच्या आधी रेस केलीस?"
"कशाला करू?"
"सहज विचारलं."
गाडी ती ह्यांच्याकडून शिकली नाही. हे गेल्यावर तिने क्लास लावला. पण लहानपणापासून घरात ऐकलं असेलच की. कानातून पायात उतरत असेल. माझ्या हातात नाही का उतरलं.
तिला पुढे काही सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी जाईल.

२२ डिसेंबर
रोज होत नाही. होतं त्या दिवशी आधीपासून अंगाला कळतं.
आज सुमाने भाकरी मोडली आणि थांबली. वाफ येत होती.
"गरम कशी?"
"आत्ताच केली."
"मी यायच्या वेळी?"
मी म्हटलं, "ताट मांडलं नाही मी. ताट माळ्यावर टाकलंय." हे सांगायला नको होतं.
तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "एक गिऱ्हाईक आहे. रविवारी गाडी बघायला येतोय." आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

२७ डिसेंबर, शनिवार
उद्या माणूस येणार. सुमाला म्हटलं, गाडी जायच्या आधी एकदा मला फिरवून आण. रायापूरपर्यंत जाऊन आलो. बसण्णाने गाडीखाली वाकून पाइपवर टिचकी मारली. "कापूस सगळा गेला अक्का. आता ह्याहून उघडणार नाही." सुमाने विचारलं, "आवाज बदललाय काय हो?" त्याने तिच्याकडे न बघता हात पुसले. "मालक आले म्हणून मी चहा सांगणार होतो," म्हणाला.

परत येताना सुमा चप्पल काढून अनवाणी चालवते. मी मुद्दाम तिच्या पायाकडे बघत होते. एका ठरावीक वेगाला आवाज छातीत घुमतो, त्याच्यापुढे गेलं की नाहीसा.

फाटकाशी थांबलो. न्यूट्रल. हँडब्रेक. दोन्ही पाय पेडलवरून मागे घेऊन ती अंगठ्याने चप्पल चाचपत होती, हात किल्लीवर.
तेव्हा रेस झाली. एकदाच. गाडी अंगाखाली हलली.
सुमा तशीच थांबली. मग खाली वाकून आपल्याच पायाकडे बघितलं. किल्ली फिरवली.

शांताक्कांचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता. "काहीतरी खराब असेल," सुमा म्हणाली.
"असेल."
"बसण्णाला परत दाखवूया."
"दाखवू."
उतरली मात्र नाही. मग फोन काढला आणि उद्याच्या माणसाला कळवलं, गाडी विकायची नाही.

आत आल्यावर मी पिठाचा डबा काढला. सुमा स्टुलावर चढली, माळ्यावरून ताट काढलं, पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं. मांडलं नाही. भिंतीला टेकवून ठेवलं.
"किती भाकऱ्या करू?" मी.
"मळ की तू. बघू."

तवा तापत ठेवून हे लिहिते आहे. सुमा दाराकडे तोंड करून बसली आहे.