चार मिलिमीटरची पट्टी

२ तारीख, सोमवार
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी, एकदाची. कपडे वाळत घालायचा स्टँड (भिंतीला टेकवला की उभा राहतो). कुकरची मूठ. मेव्हण्याचा पंखा (तो लावत नाही, हा त्याचा प्रश्न). आणि कारखान्यातल्या लेबल मशीनखालची रबराची पट्टी. माझ्या डाव्या चपलेतून कापलेली, बरोबर चार मिलिमीटर जाड. अकरा वर्षं मशीन तिच्यावर चालतंय. दिवसातून तीनदा अडतं, तेव्हा मीच लागतो. मला कोणी शिकवलेलं नाही.

४ तारीख
साथ वाढली. आमच्या खोकल्याच्या औषधाला तिप्पट मागणी. मॅनेजरांनी मीटिंग घेतली. प्रत्येक मशीन तिघांना यायला हवं, म्हणजे आजारी माणसाला निर्धास्त घरी बसता येईल, पगार चालू. मला म्हणाले, लेबल मशीनचे प्रशिक्षक तुम्ही व्हा. रक्कमही सांगितली. नाही म्हणालो. तिघांना आलं तर मला कोण विचारणार? म्हणजे, असली विद्या ट्रेनिंगने येत नाही.
बायको म्हणाली, अहो, शिकवायला काही आहे तरी का? पोळ्या गरम होत्या, आधी जेवून घेतलं.

६ तारीख
पॅकिंगवाल्या ताईंना प्रशिक्षक नेमलं. मशीन कंपनीचे व्हिडिओ बघतात, वहीत उतरवतात. मला विचारलं, दादा, हे रबर मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे? म्हटलं, अनुभवात. वहीत प्रश्नचिन्ह काढलं. पटलं असावं.

९ तारीख, सकाळी ६.४०
किंचित खोकला. थर्मामीटर १०१ दाखवतो. बिघडलाय. उघडून दुरुस्त केला. आता काहीच दाखवत नाही. म्हणजे ताप नाही.

८.१५
गेटवर वॉचमनने कपाळाला यंत्र लावलं. १०१.२. म्हटलं, आण, हेही दुरुस्त करून देतो. त्याने घरी पाठवलं. सात दिवस. कारखान्याचं काय होणार, देव जाणे.

११ तारीख
खोलीत एकटा. बायको ताट दाराशी ठेवते. मोबाइल उशाशी. कारखान्यातून फोन नाही. नेटवर्क गेलं असावं. बायकोला बाहेरून फोन लावायला सांगितला. वाजला.

१३ तारीख
शेवटी मीच फोन केला. ताई म्हणाल्या, दादा, निवांत पडा, कसली घाई नाही. रबर काढून टाकलं, त्यानेच मशीन तिरकं होऊन अडत होतं. काढल्यापासून एकदाही थांबलेलं नाही.
मी समजावलं, की अकरा वर्षांत रबराने मशीनला वळण लावलं, आता त्याची गरज उरली नसणार. पलीकडून ठसका ऐकू आला. ताईंना काळजी घ्यायला सांगितलं.

१६ तारीख
कामावर हजर. ट्रेनिंग सगळ्यांना सक्तीचं, मलाही. जागा पहिल्या बाकावर. ताईंनी फळ्यावर पहिला धडा लिहिला: मशीनमध्ये घरचं काही घालू नये. उदाहरण म्हणून माझी पट्टी हातोहात फिरवली. माझ्यापर्यंत आली तेव्हा सवयीने मोजून पाहिली. सहा मिलिमीटर.
फुगली असावी.
ताई म्हणाल्या, दादा, लिहून घ्या. घेतलं.
नाकारलेली ऑफर, नोंद असावी म्हणून: लेबल मशीनचा प्रशिक्षक, पगाराव्यतिरिक्त दरमहा साडेनऊ हजार.