रीडमनची सही

सोमवार, २ फेब्रुवारी
विभाग बंद! जुलैपासून. कॉलेजनं प्रत्येकाच्या हातात एक कागद दिलाय — ‘हा निर्णय माझ्या संमतीनं झाला.’ सही केली तर दुसऱ्या विभागात नोकरी. नाही केली तर घरी. रीस आणि मी, इतिहासाचे आम्ही दोघंच. कँटीनमध्ये ठरवलं, सही करायची नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी
अकरा वर्षं मी एकाच माणसावर लिहितेय. योहान्नेस रीडमन, साडेचारशे वर्षांपूर्वीचा जर्मन लुथरपंथी धर्मपंडित. ड्यूकनं सगळ्या पाद्र्यांना हुकूम सोडला — या धर्ममताच्या मसुद्यावर सही करा, नाहीतर चर्च आणि घर सोडा. यानं सही नाकारली म्हणे. माझं अख्खं पुस्तक त्यावर उभं आहे. एक प्रकरण उरलंय. डोळे चुरचुरतात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
हरीश ब्रॅकनेलच्या ऑफिसमधून घरी आला. दारातच म्हणाला, “मार्चनंतर कॉन्ट्रॅक्ट नाही.” बूटही काढले नव्हते. म्हणजे आम्हा नवरा-बायकोचा आणि लेकीचा, तिघांचा इंग्लंडचा व्हिसा आता माझ्या नोकरीवर. दियाची ए-लेव्हल्स, म्हणजे बारावीची परीक्षा, मे महिन्यात.

रविवार, ८ फेब्रुवारी
दिवसभर झोपले. तरी थकवा आहेच.

मंगळवार, १० फेब्रुवारी
जर्मनीतल्या अर्काइव्हमधून सह्यांच्या यादीचे स्कॅन आले. एकशे बारावं नाव — रीडमन. केली होती त्यानं सही! शेजारी कारकुनाची नोंद: ‘मुलं सहा. घर सोडायची मुदत उद्या.’
अकरा वर्षं! लॅपटॉप धाडकन मिटला. रीसला दाखवलं. “कावर्ड,” तो म्हणाला. मीही म्हणाले, “हो.”

गुरुवार, १२ फेब्रुवारी
दियानं विचारलं, “आई, तू तो पेपर साइन केलास का?”
“नाही.”
“गुड.” मग जरा थांबून, “पण मग आपण जाणार का? माझ्या एक्झॅमच्या आधी?”
भांडी घासत राहिले. हरीश शेजारी ताटं पुसत होता. ‘सही कर’ म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
पाच वाजेपर्यंत मुदत होती. रीसनं कागद कोराच परत दिला. मी सही केली. कॉरिडॉरमध्ये त्यानं माझ्यासाठी दार धरून ठेवलं — रोजच्यासारखंच.