श्वास सोडल्यानंतरचा फोटो

चि. विश्वजित यास,
घरून आशीर्वाद.

मंगळवारी कोल्हापुरात छातीचा सीटी स्कॅन केला. वर्षभर खोकला आहे, माडी चढताना दम लागतो, म्हणून तुझी आई घेऊन गेली. आधी छाती भरून श्वास रोखायला लावला. मग सगळा श्वास सोडून तसंच पडून राहायला सांगितलं आणि पुन्हा फोटो काढले.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. श्वास सोडला की फुफ्फुस करडं दिसायला पाहिजे. माझं जागोजागी काळंच राहिलंय. तिथली हवा बाहेर पडत नाही. फोटोवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "काका, घरात कबुतरं पाळलीत काय?"

"न्हाय," मी म्हणालो.

तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले, "असली तर आजच काढा. पिसांची, विष्ठेची धूळ आत बसते. नुसत्या औषधानं भागणार नाही."

कागलच्या एसटीत ती एवढंच म्हणाली, "पोराला सांगू काय?"

"नको."

घरी आल्यावर तोंडाला टॉवेल बांधून तुझी ढाबळ झाडली. एकवीस कबुतरं आहेत. भुरी मादी अंड्यांवर बसलीय.

हे पत्र टाकणार नाही. आपल्या भांडणाला सहा वर्षं झाली. चूक कुणाची, ते लिहीत नाही. तेव्हापासून दर रविवारी तू फोन करतोस आणि माझ्याशी फक्त कबुतरांचं बोलतोस. ती विकली, तर रविवारी तू मला काय विचारशील, ते मला अजून सुचलेलं नाही.

तुझा,
आबा