कॉम्प्युटर परत बिघडला, त्याबद्दल

रविवार, १४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते, कारण तू स्वतःहून कळवशील ही आशा मी केव्हाच सोडली. आम्ही मजेत. बाबांचा गुडघा दुखतो, माझं डोकं दुखतं, बाकी दोघंही ठणठणीत.

हातानं पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. तुला फोन लावला की बाबा पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करतात. मेल करावी, तर गेला महिनाभर आपल्या घरचा कॉम्प्युटर आपला राहिलेलाच नाही. ब्राउझर उघडला की भलतंच पान. वर शोधायची पट्टी, खाली वजन कमी करायच्या गोळ्या, बाजूला 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' काहीही शोधा, आधी त्या पानाची वारी करायची, मग ते सांगेल तिकडे जायचं. विजेचं बिल भरायला गेले तर मला स्थळं दाखवली. या वयात!

पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीचं पान बदललं आणि मोठ्या ऐटीत कामावर गेले. संध्याकाळी बघते तर पहिले पाढे पंचावन्न. मग ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनची यादी उघडली. तिथं अनोळखी पाहुणे पथारी पसरून बसलेले: एक हवामान सांगणारा, एक कूपनं वाटणारा आणि 'जलद शोध' म्हणवणारे दोघं. सगळ्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी सगळे हजर! तेव्हा कळलं की यांचा म्होरक्या प्रोग्रॅम म्हणून कॉम्प्युटरमध्येच घुसलाय आणि तोच यांना परत आणून बसवतो. त्याला काढलं. तरी पान तेच. शेवटी सापडलं. ब्राउझर उघडायला आपण ज्या शॉर्टकटवर क्लिक करतो, त्याच्याच शेपटाला त्यांनी आपला पत्ता चिकटवून ठेवला होता. दिवसभर लोकांच्या बरगड्यांचे एक्स-रे काढायचे आणि घरी येऊन हे उद्योग. तो पत्ता खोडला, अँटिव्हायरसनं सगळं मशीन तपासून घेतलं, माझ्या फोनवरून पासवर्ड बदलले.

आठवडाभर शांतता. मग परत तेच पान, परत त्याच गोळ्या.

आता तूच ओळख, हे कोणाचं काम. अख्खी नोकरी चौकशीच्या खिडकीत काढलेला माणूस! पडद्यावर काहीही उगवलं की बाबा चष्मा पुसतात, अक्षर न अक्षर वाचतात आणि उत्तर देतात. 'परवानगी द्याल का?' हो. 'सूचना पाठवू का?' हो. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आत्ता दुरुस्त करू का?' हो बाबा, हो.

"अहो बाबा, नुसती फुली मारून बंद करायचं!" मी ओरडले.

"समोरच्यानं विचारलं तर उत्तर द्यायला नको? माझ्या खिडकीतून कोणी तसाच परत गेला नाही."

"तिथं माणसं होती. हे चोर आहेत."

"चोर इतक्या अदबीनं विचारत नाही," बाबा म्हणाले.

मग मी कडक उपाय केला. त्यांचं वेगळं खातं उघडलं, त्यातून माझ्या पासवर्डशिवाय टाचणीही आत येणार नाही. सूचनांच्या सगळ्या परवानग्या बंद, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन चालू. बाबा भयंकर चिडले. "माझ्याच घरात मला कुलूप?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र गुपचूप मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एक छोटासा प्लेअर बसवून दे ना गं." कसला प्लेअर? "आहे एक." कशाला हवाय? "असू दे." आपले बाबा, आणि विनवणी! तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

ते फिरायला गेल्यावर मी ब्राउझरची हिस्टरी उघडली. आधीच उघडायला हवी होती, म्हणजे एवढी हमाली वाचली असती. रोज सकाळी एकच शोध, तोही बाबांच्या सरकारी भाषेत: 'कृपया चष्म्याच्या दुकानासमोरील चौकाचा कॅमेरा दाखवण्यात यावा.' पुढे तुझ्या शहराचं नाव आणि तुझ्या नोकरीच्या दुकानाचा पत्ता.

तिथल्या वाहतूकवाल्यांनी म्हणे चौकात कॅमेरा लावलाय, कोणालाही घरबसल्या गर्दी बघता येते. बाबांनी तो कधी शोधून काढला देव जाणे. तुझं त्यांचं बिनसल्यापासून ते रोज सकाळी तो बघत होते. मध्यंतरी एक दिवस ते पान बंद पडलं. म्हणून ते शोधायला गेले, तर कुठल्याशा पानानं सांगितलं, थेट चित्र हवं असेल तर हा प्लेअर घ्या. घेतला. चित्र काही आलं नाही, ती पीडा तेवढी आली. मग ती पीडा दाखवेल तो दुसरा प्लेअर, मग तिसरा. मी मागून झाडू मारत होते आणि हे पुढून दार उघडत होते.

वाहतूक खात्याचं खरं पान मीच शोधलं आणि सुरुवातीला तेच उघडेल असं लावून दिलं. बाबांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढली. मी बसले. चौक उघडला. तुझ्या दुकानाच्या दारात निळ्या जाकिटातला एकजण आला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यानं शटर वर केलं.

"वेळेवर," बाबा म्हणाले. "पावसातसुद्धा चुकला नाही. मी म्हटलं होतं, कुठंही सहा महिने टिकणार नाहीस. टिकला की नाही? चुकलो गं मी."

बाबा आणि 'चुकलो'! आईनं जन्मभर वाट बघितली त्या शब्दाची. आणि मी गप्प बसले, कारण मार्चमध्येच ते दुकान सुटल्याचं तू मला कळवलंस आणि वर बजावलंस, बाबांना कळता कामा नये. तू शहराच्या दुसऱ्या टोकाला घरोघर सामान पोचवत हिंडतोस, आणि तुझ्या जागी आलेल्या कुणा परक्या पोराला बाबा रोज शाबासकी देतात. त्यांना तुझा अभिमान वाटतो रे, चेहरा नुसता उजळतो त्यांचा. त्या वेळी मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. रडूही आलं. "डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणून उठले.

हेही मी तुला कळवलं नसतं. पण गुरुवारी तो मुलगा आलाच नाही. शटर कोणा टकल्या माणसानं उघडलं. बाबा दुपारपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत, जेवले नाहीत. "त्याला बरं नसेल का? तू विचारून बघ ना." मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनी फोन हातात घेतला, तुझा नंबर काढला, बराच वेळ बघत बसले आणि ठेवून दिला. शुक्रवारी तो मुलगा परत आला, तेव्हा कुठं त्यांच्या घशाखाली चहा उतरला.

तो पोरगा एक दिवस नोकरी सोडेल, नाहीतर त्याची बदली होईल. मग या घरात काय होईल, ते गुरुवारी मी बघितलंय. आणि मी खरं सांगून टाकावं म्हणशील, तर ते माझ्या तोंडून निघत नाही. 'ज्याला बघून चुकलो म्हणालात तो तुमचा मुलगा नव्हता,' हे कोणत्या तोंडानं सांगू? तुझ्या तोंडून ऐकलं तर ते कदाचित चिडतील, चार शब्द बोलतील. बोलू देत. निदान तुझ्याशी बोलतील.

तेव्हा तुझा मान आणि त्यांचा हेका दोन्ही आता बास झालं. फोनवर तुम्ही दोघंही अवघडून गप्प बसाल, तेव्हा फोन नको. सुट्टी काढ आणि ये. सकाळी ये, ते कॉम्प्युटरसमोर बसलेले असतात तेव्हा, आणि दुसऱ्या खुर्चीत बस.

मी त्या वेळी स्वयंपाकघरात असेन, बाहेर येणार नाही.

तुझी,
दोघांच्यामध्ये दमलेली
ताई