आंतोनरावांच्या अकरा इमारती

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, ३ ऑगस्ट २०१४

प्रिय अश्लेषा,

आम्ही दोघं इथे खुशाल आहोत. तुझी खुशाली वेगळी विचारत नाही, कारण काल फोनवर तुझा आवाज आपल्या लग्नातसुद्धा नव्हता इतका टवटवीत येत होता. "दिवसभर त्यांचीच पत्रं वाचते, तूही मला कागदावर लिही ना," म्हणालीस, म्हणून लिहितोय. याआधीचं पत्र मी बारावीत मामाला लिहिलं होतं. अक्षर लागलं नाही तर तुझी विद्वत्ता वापर. दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन मेस्त्र्याचं अक्षर लागतं, मग नवऱ्याचं न लागायला काय झालं?

उल्का मजेत आहे. शनिवारी नॅशनल डे, त्यामुळे घरात सकाळ-संध्याकाळ गाणी चालू आहेत आणि लाल टी-शर्ट तिसऱ्यांदा धुतला. डबा उघडून म्हणते, "बाबा, एव्हरीडे सेम वन, लाह!" भेंडीला सेम वन म्हणते, कोबीलाही सेम वन म्हणते. तिला शाळेत सोडून मी एलआरटी, मग एमआरटी, मग बस करत चांगी बिझनेस पार्कात पोचतो तेव्हा माझा निम्मा दिवस संपलेला असतो. संध्याकाळी शेजारच्या मिसेस लिम तिला दोन तास बसवून घेतात. पोळ्या मला जमायला लागल्या आहेत. गोल नाहीत, पण फुगतात.

आता तुझे आंतोनराव. अगं, आंतोन राइटहोफर हा माणूस मला पाठ झालाय. गवंड्याचा मुलगा, तेराव्या वर्षी दगड घडवायला बसला, व्हिएन्नात जाऊन नकाशे काढायला शिकला, तू सध्या आहेस त्या ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या आसपास शाळा, दवाखाने, धान्याची कोठारं अशा अकरा इमारती बांधल्या आणि १८८९ साली वारला. माझ्या सख्ख्या आजोबांचं जन्मसाल मला माहीत नाही, याची मात्र जयंती-पुण्यतिथी दोन्ही येतात.

आणि केवढे ते उदार! काल तू सांगत होतीस ते मी नीट ऐकलं बरं का. नकाशावर जेवढं माप, त्यापेक्षा प्रत्यक्षात प्रत्येक इमारत थोडी मोठी. गावाने जेवढं मागितलं त्याहून जास्त दिलं. हे दहा इमारतींपर्यंत. मग बायको गेली, तेरेझा, आणि त्यानंतरची अकरावी इमारत अगदी कागदाबरहुकूम. "ती होती तोवर त्याचा हात सढळ होता, प्रबोध. असं प्रेम असतं बघ," असं म्हणालीस. मी तेव्हा तव्यापाशी उभा होतो. पोळी करपली.

तक्ता मिळाला. एका बाजूला कागदावरची मापं, दुसऱ्या बाजूला तू स्वतः टेप लावून घेतलेली. निवांत बघतो. दोन बाजू जुळतात का बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. बँकेचं जुळवतो, तुझं का नाही जुळवणार?

थंडी वाजली तर मोजे घाल. तिथे ऑगस्टमध्ये थंडी असते की नाही, हे मला माहीत नाही.

तुझा,
प्रबोध


सेंगकांग
रविवार, २४ ऑगस्ट २०१४

प्रिय अश्लेषा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. उल्काने त्यातलं तिच्यापुरतं पान घेतलं आणि उशीखाली ठेवलं. उरलेल्या तीन पानांत आंतोनराव किती वेळा आले ते मी मोजलं. एकोणीस. मी दोनदा. त्यातही एकदा "प्रबोध, गॅसचं बिल भर" असं.

हो, जळतो मी. मेलेल्या माणसावर जळतो. हसायचं तर हस. बायकांना निदान सवत म्हणायची तरी सोय आहे, आम्हा पुरुषांना अशा माणसासाठी शब्दसुद्धा नाही. जिवंत असता तर कॉलर धरली असती, नाहीतर एकत्र बसून कॉफी प्यायलो असतो आणि त्याला जेवताना मचमच आवाज करायची सवय आहे हे तरी तुला दाखवलं असतं. मेलेल्याला खोडच नसते गं. त्याने कधी ओला टॉवेल पलंगावर टाकला नाही. त्याने कधी तुला "आता या वयात पीएचडी कशाला" असं विचारलं नाही.

मी विचारलं होतं. आठवतंय मला. तुलाही आठवत असेलच.

काल तोआ पायोहला विवेककडे गेलो होतो. खाली हॉकर सेंटरमध्ये जेवताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, वहिनी येणार आहेत की तिकडेच राहणार?" मी हसून म्हटलं, "बावीस सप्टेंबरला त्यांचं व्याख्यान आहे. ते रंगलं की दोन वर्षांची फेलोशिप. नाही रंगलं तर ऑक्टोबरात घरी." बोलताना माझ्या लक्षात आलं की दुसरं वाक्य मी जरा जास्तच खुशीत म्हटलं. विवेकच्याही लक्षात आलं. त्याने माझ्या ताटात आणखी एक पराठा टाकला आणि विषय बदलला.

तू विचारलंस म्हणून सांगतो. तक्ता पूर्ण पाहिला. तुझ्या बेरजा बरोबर आहेत, भागाकार बरोबर आहेत, एकही सूत्र चुकलेलं नाही. तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत राहा.

शुक्रवारी गणपती. मूर्ती लिटल इंडियातून आणली. मोदक मी करणार नाही, मागवणार आहे. उल्का विचारत होती, "आई कमिंग फॉर गणपती ऑर नॉट?" मी म्हटलं, आईला काम आहे. ती म्हणाली, "ऑल्वेज दॅट डेड अंकल." लेकीने माझ्या मनातलं बोलून टाकलं म्हणून मला आनंद झाला आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

बाकी काही विशेष नाही.

प्रबोध


सेंगकांग
मंगळवार, ९ सप्टेंबर २०१४

अश्लेषा,

हे पत्र कुरिअरने पाठवतोय. शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल असं म्हणाले. व्याख्यानाला त्यानंतर नऊ दिवस उरतात. फोन का नाही केला? केला. तीनदा केला. तिन्ही वेळा "जेवलीस का" विचारून ठेवून दिला. कागद उलटून बोलत नाही, म्हणून कागदावर.

तुझ्या तक्त्यात चूक आहे. मला ती दहा ऑगस्टपासून माहीत आहे.

मागच्या पत्रात बेरजा बरोबर आहेत, सूत्रं बरोबर आहेत असं लिहिलं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अशी खरी वाक्यं लिहून खोटं बोलायला मी ऑफिसात शिकलो. चूक सूत्रात नाहीच, फुटात आहे.

नीट वाच. दहाही इमारतींची मापं तू शेजारी शेजारी लावली आहेस. मी सहज एकाला दुसऱ्याने भागलं. शाळेला आलं १.०३७. दवाखान्याला १.०३७. कोठाराला १.०३७. मी खुर्चीत सरळ बसलो. अगं, माणूस कितीही उदार असो, दर वेळी तंतोतंत तेवढाच उदार कसा असेल? आमच्याकडे असा एकच आकडा सगळीकडे दिसला की आम्ही कुणाच्या चांगुलपणाचा शोध घेत नाही, मोजपट्टी तपासतो.

आंतोनरावांचा फूट आपला फूट नाही. त्यांच्याकडे व्हिएन्नाचा फूट चालायचा, ३१.६ सेंटिमीटरचा. तू धरलास इंग्रजांचा, ३०.४८ चा. शाळेची दर्शनी भिंत कागदावर साठ फूट. तू लिहिलंस १८.२९ मीटर, टेपने भरली १८.९६. ती सदुसष्ट सेंटिमीटर म्हणजे त्याचं औदार्य नव्हे. साठ फूट म्हणजे तिथे तेवढेच होतात. आणि अकरावी इमारत कागदाबरहुकूम का, तर ती १८७७ ची आहे. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे मीटर सक्तीचा झाला आणि त्याने नकाशाच मीटरमध्ये काढला. तेरेझा गेली म्हणून हात आखडला वगैरे काही नाही.

ही चूक सिंगापूरच्या कुणी केली नसती, ते शाळेपासून मीटरच शिकतात. ऑस्ट्रियाच्या कुणीही केली नसती. ही आपणच करायची. पुण्यात आपला फ्लॅट फुटात, उल्काची उंची दाराच्या चौकटीवर फुटात, फूट म्हटला की फूट, त्याला कुणी गाव विचारत नाही. मीसुद्धा आकड्यांकडे पाहिलं नसतं तर हेच केलं असतं. तेव्हा स्वतःला वेडी ठरवू नकोस. शोधनिबंधात तू फक्त मीटर दिलेत, म्हणून आजवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण बावीस तारखेला पडद्यावर मूळ नकाशे दाखवणार आहेस ना? तिथला एखादा म्हातारा प्रोफेसर चष्मा कपाळावर चढवील आणि पहिल्या पाच मिनिटांत हात वर करील.

मला तेच हवं होतं.

आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो. दहा ऑगस्टला हे सापडलं तेव्हा मला धक्का बसला नाही, उकळ्या फुटल्या. म्हटलं, सापडला लेकाचा! उठून चहा केला, साखर जास्त घातली. मग विचार केला की सांगायचं कशाला? व्याख्यान पडेल, फेलोशिप जाईल, ऑक्टोबरात तू या घरात असशील. मी विमानतळावर येईन, तुझी बॅग घेईन, "जाऊ दे गं, होतं असं" म्हणून पाठीवरून हात फिरवीन. तू रडशील आणि मी समजूतदार नवरा ठरेन. हे सगळं मी मनात इतक्यांदा रंगवलं की ती समजूत घालायची वाक्यंसुद्धा पाठ झाली. तुला भर सभेत तोंडघशी पाडायचं आणि वर मलमही आपणच लावायचं. इतका हलका माणूस मी आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

आणि कशासाठी? त्याच्यापायी नाही गं. आंतोन बिचारा जाऊन सव्वाशे वर्षं झाली. मी तुझ्यावर जळतो. नऊ वर्षं तू नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर माझ्यामागे या घरात होतीस आणि मला वाटायचं की आपलं बरं चाललंय. माझं बरं चाललं होतं. मग तुला कुठलातरी गवंडी सापडला आणि तू पहाटे उठून जर्मन शिकायला लागलीस. तुझ्या तोंडावर असं काही आलं की जे मी कधी आणू शकलो नाही. मला असं एकही काम नाही ज्यासाठी मी पहाटे उठेन. हे पोटात दुखत होतं. "असं प्रेम असतं बघ" म्हणालीस तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला, कारण मला खात्री होती की मी असा नाही.

काल विसर्जन झालं. आरतीनंतर उल्काने विचारलं, "बाबा, आईचं प्रेझेंटेशन चांगलं होऊ दे असं गणपतीला सांगितलंस ना?" मराठीत विचारलं, आख्खं वाक्य. मी हो म्हटलं. लेकीशी खोटं बोललो आणि तेही देवासमोर. मग ती झोपायला गेल्यावर हा कागद काढला.

एक गोष्ट मी रात्रीतून तपासली आहे, तेवढी वाच. व्हिएन्नाचा फूट घालून दहाही इमारती पुन्हा मांडल्या. सोबत नवा तक्ता जोडलाय. अश्लेषा, कागद आणि भिंत यांत बोटभराचाही फरक येत नाही. दगडाच्या कामात, खेड्यापाड्यात, पंचवीस वर्षं! कुणी मोजायला येणार नव्हतं तिथेही नाही. आणि बायको गेल्यानंतरही नाही. व्याख्यान यावर देता येईल की नाही हे मला कळत नाही, ते तू ठरव. मला एवढंच कळलं की तो जास्त देणारा नव्हता, कबूल केलं तेवढं पुरं देणारा होता. मी त्याला खोटा पाडायला बसलो होतो आणि हाती हे आलं. आता तर मला तो आणखीनच नकोसा झालाय.

फेलोशिप मिळाली तर घे, असं लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडलं, कारण ते खरं नाही. मला तू घरी हवी आहेस. पण हरून आलेली नको. एवढंच सध्या माझ्याकडून खरं निघतंय.

माफी मागत नाही. मागितली तर तू फोनवर लगेच देशील आणि मी सुटेन. आधी व्याख्यान दे. मग माझं काय करायचं ते बघ.

तुझ्यावर जळणारा, आणि महिनाभर तुझ्याशी अपुरा वागलेला,
प्रबोध