पायरीवरची ओल

पाक फनांग,
५ जून १९९४

ती. ताताय यांस,
तुमचा हात कपाळाला लावून वि. वि.

सुखरूप पोचले. फोनचा तुम्हाला उपयोग नाही, म्हणून पेटी उघडण्याआधी कागद काढला.

कॉलेज आम्हा चौघांना आठ आठवड्यांसाठी थायलंडला पाठवतंय हे सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, की ज्यांनी आयुष्यात पानाची टपरी चालवली नाही ती पोरं परक्या देशातल्या कंपनीला काय शहाणपण शिकवणार. उत्तर मिळालं की कळवते.

कंपनी पाकोळ्यांच्या घरट्यांची आहे. घरट्यांचं सूप होतं आणि त्याला गिऱ्हाईक पुष्कळ. विरात या मालकांनी गावात बारा घरं उभी केली आहेत. चार मजली, सिमेंटची, खिडकी एकही नाही, पाकोळी शिरेल एवढी भोकं फक्त. अकरा घरांच्या गच्चीवर कर्णे आहेत, त्यांतून दिवसभर पाकोळ्यांच्या आवाजाची टेप वाजते. ती अकरा रिकामी आहेत. बारावं सगळ्यांत जुनं. त्यावर कर्णा नाही, आणि ते तळापासून वरपर्यंत भरलेलं आहे. असं का, ते शोधायचं आणि अकरा घरांना लागू करायचं, एवढंच आमचं काम.

त्या घराच्या तळमजल्यावर रियांगमावशी राहते. राखणदारीण. दिवस मावळताना ती गच्चीवर चढते आणि समुद्राकडे तोंड करून हाका मारते. पाकोळ्या तेव्हाच परततात. आम्ही तिच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. विरातनी दुभाष्याचं काम केलं. कोणाला बोलावता, तर म्हणाली नवऱ्याला. क्लाय नाव. नऊ वर्षांपूर्वी वादळात त्याची होडी गेली. तो येतो आणि पाखरं त्याच्यामागून येतात, असं ती सांगते. जोव्हेननं (आमच्यातला पहिल्या नंबरचा, तो तसं विसरू देत नाही) ‘आवाजाचा उगम’ या रकान्यात ‘मानवी, स्त्री’ असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिच्या दाराची पायरी सकाळी ओली असते. ‘नळाची गळती तपासावी’ अशी नोंद मी केली. त्या बाजूला नळ नाही हे मागाहून लक्षात आलं.

प्रकल्प पार पडला की पदवी, विरात यांचं शिफारसपत्र, मनिलात नोकरी, आणि मग तुम्ही त्या गोदीच्या चाळीत राहायचं नाही. हे तुमच्या लेकीनं ठरवलेलं आहे. वाद घालू नये.

माया आहे तशी असू द्यावी.
तुमची,
चोलेंग

*

मारिवेलेस,
१५ जून १९९४

चि. चोलेंग हिस,
अ. आ.

सल्लागारीणबाईंचं पत्र पोचलं. मी बरा आहे. चाळीत माझं बरं चाललं आहे. बहिऱ्याला शेजारी कसेही असले तरी चालतात. सकाळी दारातली गंजाची भुकटी झाडतो, दुपारपर्यंत पुन्हा लाल थर बसतो. निवृत्त झालो तरी गोदी सोडत नाही.

त्या बाईनं इतकं सरळ सांगितलं आणि तुमच्या पहिल्या नंबरवाल्यानं पुढचा प्रश्न विचारला. त्याला माझ्यातर्फे सांग, की तू आमच्या टोळीत तीन दिवसांवर टिकला नसतास.

हाकेवरून आमच्या टोळीतला इस्को आठवला. तू लहान होतीस. जहाजाच्या तळाशी टाक्या असतात, एकीतून दुसरीत जायला खांदे मावतील एवढी भोकं. आम्ही आत सरपटत जाऊन गंजाच्या खपल्या पाडायचो. माझे कान तिथेच गेले. एकदा इस्कोचा दिवा विझला. वर दोन झाकणं उघडी होती, दोन्हींवरून दोघे त्याला हाका मारू लागले. तो एकीकडे निघे, मग दुसरीकडे वळे. आम्हाला तो मधल्या टाकीत बसलेला सापडला. हवा संपली होती.

तेव्हापासून नियम झाला. आतल्या माणसाला एकाच झाकणावरून, एकाच तोंडानं हाक मारायची. बाकीच्यांनी गप्प राहायचं, फार तर पत्र्यावर ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे आहेस तिथेच थांब. दोन म्हणजे आलास त्याच वाटेनं परत फिर.

त्या बाईच्या हाकेत लुडबुड करू नका.

वेळेवर जेवत जा.
देव तुला जपो.
ताताय

*

पाक फनांग,
२२ जून १९९४

ती. ताताय यांस,
तुमचा हात कपाळाला लावून वि. वि.

तुमचं पत्र अजून नाही, पण बातमी थांबवत नाही. आम्हाला उत्तर सापडलं. कल्पना माझी. आम्ही रियांगमावशीची हाक टेपवर घेतली, अकरा प्रती काढल्या आणि पाखरांच्या टेपऐवजी अकरा गच्च्यांवर लावल्या. तिसऱ्या संध्याकाळी पाकोळ्या आल्या. एका घरात नाही, अकराही घरांत. विरातनी आम्हाला मोठा झिंगा खाऊ घातला आणि जोव्हेननं भाषण केलं, त्यात माझं नाव दोनदा घेतलं. त्याच्या हिशेबानं ते पुष्कळ.

विरात आता बाराव्या घरावरही कर्णा बसवणार आहेत. मावशीचे गुडघे दुखतात, रोज चार जिने चढण्यापेक्षा तिनं आराम करावा, असं त्यांचं म्हणणं. तिला सांगितलं तेव्हा ती दारात बसून कोरडी पायरी पाहत राहिली.

होय, पायरी कोरडी आहे. आठवडा झाला. आणि आज सकाळी अकरा घरांची पाहणी करताना अकराही दारांपुढे ओल दिसली. दारांना बाहेरून कुलपं असतात.

सोबत एक कॅसेट पाठवते. हसू नका. नानायच्या टेपरेकॉर्डरवर लावा आणि जाळीवर तळहात ठेवा, आई गेल्यापासून तो नुसता पडून आहे. आपल्या पोरीनं काय शोधलं ते निदान हाताला तरी कळेल.

लोभ राखावा ही मागणी.
तुमची,
चोलेंग

*

पाक फनांग,
२९ जून १९९४

ती. ताताय यांस,
तुमचा हात कपाळाला लावून वि. वि.

तुमचं १५ तारखेचं पत्र मी कॅसेट टाकून आल्यावर दोन दिवसांनी मिळालं. चार वेळा वाचलं.

गावात दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली आहेत. बारा गच्च्यांवरून एकच आवाज एकच नाव घेतो, आणि सगळ्या टेपा एका वेळी सुरू होत नाहीत, त्यामुळे हाक संपतच नाही. बाजारातल्या बायका म्हणतात, चिखलात पावलं दिसतात. एका घराच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत जातात, तिथून माघारी फिरून तिसऱ्याकडे. मी पाहिली. अनवाणी आहेत, मोठ्या माणसाची. चालणारा दमला की पाऊल घासतं, तशी घासलेली.

मावशीला विचारलं. ती म्हणाली, नऊ वर्षं तो रोज येत होता. आत येत नसे, पायरीवर टेकून जाई, तेवढं तिला पुरत होतं. आता बारा दारांतून बायको बोलावते आहे, त्यानं कुठे जावं. ती चिडलेली नव्हती. मला भात वाढला.

विरातना टेपा बंद करा म्हटलं. ते हसले, तुम्हा फिलिपिनो मुलींना घरची आठवण आली की असं होतं म्हणाले. जोव्हेन म्हणतो, अहवालात भूत कोणत्या रकान्यात घालायचं ते सांग, मी घालतो. सादरीकरण वीस जुलैला आहे. तोवर गप्प राहिले तर पदवी माझी. मालकाचं नुकसान केलं तर कॉलेज नाव काढून टाकतं, हे पहिल्याच दिवशी सही करून दिलेलं आहे.

काय करू ते लिहा. मात्र तुमचं उत्तर येईपर्यंत मला धीर निघेल असं वाटत नाही.

तुमची,
चोलेंग

*

मारिवेलेस,
५ जुलै १९९४

चि. चोलेंग हिस,
अ. आ.

कॅसेट पहिल्या तारखेला आली. तुझी कल्पना म्हणून आधी हसलो. मग लावली आणि हात ठेवला.

कान गेल्यापासून अकरा वर्षं माझ्या हाताला यंत्रंच लागली आहेत. हे यंत्र नव्हतं. एक बाई श्वास घेते, थांबते, मग हाक मारते, थांबते. उत्तराची वाट बघते ते थांबणं हाताला कळतं. तुझी आई मला जेवायला बोलवायची तेव्हा असंच थांबायची. आता रोज संध्याकाळी लावतो. म्हाताऱ्याला चाळा मिळाला म्हण.

वळचणीला काळी छोटी पाखरं येऊन राहिली आहेत. पायरीवर सकाळी ओल असते. वरच्या मजल्यावरच्या बाईची बादली गळत असेल, तिच्याशी भांडायला हवं, पण ती काय म्हणते ते मला कळणार नाही आणि तिला तेच सोयीचं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. काल टेप संपली आणि दारावर थाप पडली. चोलेंग, मी ती ऐकली. हातानं नव्हे, कानानं. चर्चची घंटा कानाशी वाजली तरी मला पत्ता नसतो. मी उठलो नाही. तुझी आई असेल असं वाटलं, आणि उठून पाहिलं नाही तोवर ती असू शकते.

प्रकृतीला जप.
देव तुला जपो.
ताताय

*

पाक फनांग,
१४ जुलै १९९४

ती. ताताय यांस,

टेप बंद करा. तारही केली आहे. तार आधी पोचली असेल तर बंद केलीच असेल, तरी पुन्हा लिहिते.

शनिवारी सगळे अहवालाचे तक्ते काढत होते, तेव्हा भर दुपारी मी किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि बारा गच्च्या चढले. बारा कॅसेटी आणि मूळ टेप नदीत टाकली. विरात माझ्यावर ओरडले नाहीत. कॉलेजला कळवलं, तासाभरात उत्तर आलं. माझं नाव कमी झालं आहे. पदवी नाही, पत्र नाही, मनिला नाही. तुम्हाला आणखी काही वर्षं गंज झाडावा लागेल. जोव्हेन पेटी उचलायला आला. वेडी आहेस म्हणाला, पण पेटी मावशीच्या दारापर्यंत त्यानंच आणली. तिकीट पंचविसाचं आहे, तोवर मी तिच्याकडे आहे.

विरातनी मावशीची हाक पुन्हा टेपवर घेऊन पाहिली. यंत्र समोर धरलं की ती तोंड मिटून बसते.

रोज संध्याकाळी ती गच्चीवर जाते, मी तिला हाताला धरून चढवते. आता एकच तोंड आहे. तरी पायरी कोरडी. चिखलातली पावलं थांबली. बाराव्या घरातल्या पाकोळ्याही गेल्या, सगळं गाव मुकं झालं आहे. मावशी म्हणते, कुणीतरी अजून बोलावतं आहे. मी शपथेवर सांगितलं की एकही टेप उरलेली नाही.

आज तुमचं पत्र आलं.

ताताय, ती नानाय नाही. तुम्हाला ऐकू आलं हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, आणि तरीही मी बंद करा असंच लिहिते आहे. मावशी आत्ता भात निवडते आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही.

तुमची,
चोलेंग

*

मारिवेलेस,
१७ जुलै १९९४

चि. चोलेंग हिस,
अ. आ.

तार काल आली. त्याच्या आदल्या संध्याकाळी काम झालं होतं. पण तुझ्यापाशी कबुली द्यायची आहे.

तुझं २९ तारखेचं पत्र मला आठ जुलैला मिळालं. वाचून झालं तेव्हाच पायरीवर कोण उभं राहतं ते मला समजलं. इस्कोची गोष्ट तुला मीच सांगितली होती. तरी मी आठवडाभर टेप लावली. रोज थाप ऐकायला मिळे. पाच दिवस एवढीच ऐकली, सहाव्या दिवशी त्याच्या कपड्यांतून पाणी ठिबकतं तेही ऐकू आलं. पाण्याचा आवाज मी विसरलो होतो. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी दुसऱ्याची बायको ताटकळत ठेवतो, हे मला या वयात कळलं.

पंधराला दार उघडलं. ठेंगणा माणूस, कमरेला लुंगी. तो माझ्याकडे पाहतच नव्हता, माझ्या खांद्यावरून टेपरेकॉर्डरकडे पाहत होता. मग खोलीभर पाहिलं. चुकून दुसऱ्याच्या घरात आलेला माणूस ओशाळतो तसा तो ओशाळला. मला त्याची भाषा येत नाही. मी त्याच्यासमोर कॅसेट काढली, आतली फीत ओढून ओढून सगळी बाहेर काढली. मग दाराच्या लोखंडी चौकटीवर हातोडीनं दोन ठोके दिले.

त्याला समजलं. समुद्रावरचा माणूस, समजायचंच. तो पायरी उतरून धक्क्याच्या बाजूला गेला आणि पाखरं वळचणीतून उठली. ते दोन ठोके मी ऐकलेला शेवटचा आवाज. आता पहिल्यासारखंच आहे.

पदवीचं मनाला लावून घेऊ नकोस. शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं ते पाहून घ्यावं. माझी चाळ मला आवडते. पंचविसाला धक्क्यावर येतो.

देव तुला जपो.
ताताय

*

पाक फनांग,
१८ जुलै १९९४

ती. ताताय यांस,
तुमचा हात कपाळाला लावून वि. वि.

तारेला उत्तर आलेलं नाही. तरी तुम्ही काय केलंत ते मला आज सकाळी कळलं.

काल मावशीनं एकदाच हाक मारली. गुडघ्यांमुळे लवकर खाली आली. पाकोळ्या उशिरा आल्या, समुद्रावरून, थकून उडाव्यात तशा.

सकाळी उठले तर ती पायरी पुसत होती आणि पायरीशी बोलत होती. तिची भाषा मला आता थोडी कळते. ती त्याला रागावत होती, की इतके दिवस कुठे भटकलास, पाय किती मळवून आलास, नऊ वर्षांत अशी घाण कधी आणली नाहीस. आणि फडकं पिळून पुन्हा पुसत होती.

मी जवळ गेले. नेहमी नुसतं पाणी असायचं. आज ओल लाल होती. तुमचे कामाचे कपडे धुताना मोरीतून वाहायचं तसं लाल पाणी. बोट लावलं तर कण हाताला लागले.

मावशीनं विचारलं, ही कुठली माती. मी म्हटलं, आमच्या दारातली.

तुमचा हात पुन्हा एकदा कपाळाला लावते.
तुमची,
चोलेंग