बंद दाराआडचा शंकांचा तास

मंगळवार, संध्याकाळ

वैशालीने आज कॅल्क्युलस सोडलं. अर्जावर माझी सही घ्यायला आली, तेव्हा मी फटकारलंच. "शंकांसाठी रोज दुपारी तास ठेवला होता. एकदा तरी यायचं!"

"येत होती न सर. पण दार बंद राहे. मले वाटलं, सर आराम करून राहिले. मग बाहेरच बसत होती."

दार मीच लावायचो. एप्रिलात नागपुरात भरदुपारी दार उघडं कोण ठेवतं? पण तिने वाजवायचं तरी... नाही, तिला कशाला दोष? दारावर साधी चिठ्ठी लावायला मला काय झालं होतं?

आत मी चिडत बसायचो, की या पोरांना शिकायचंच नाही. आणि दारापलीकडे, मी बाहेर ठेवलेल्या त्याच उन्हात, ती वही उघडून बसलेली.